शून्य कामगारांचं बहुमत

१९९१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका कंपनीने युनियनबरोबर करार केला. कंपनीचं काम इमारतींमध्ये आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची, म्हणजे स्प्रिंकलरची, पाइपलाइन टाकण्याचं. करारासोबतच्या छापील मजकुरात लिहिलं होतं की, आपल्या नोकरीत असलेल्या फिटरांपैकी स्पष्ट बहुसंख्येने या युनियनला प्रतिनिधी म्हणून निवडलं आहे, याची कंपनीने भरवशाच्या माहितीवरून खात्री करून घेतली आहे. खाली सही झाली. पण सही झाली तेव्हा कंपनीने एकही फिटर नोकरीला ठेवलेला नव्हता.

पुढे कंपनीने माणसं घेतली, कामं केली, करारांचं नूतनीकरण होत गेलं. शेवटचा करार २०१३ मध्ये संपला तेव्हा प्रश्न उभा राहिला की आता कंपनी युनियनशी बोलणी करायला बांधील आहे की मोकळी आहे. याचं उत्तर त्या बावीस वर्षांपूर्वीच्या वाक्यावर अडकलं होतं. सरकारी कामगार मंडळाने ते वाक्य खरं धरलं. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये मंडळाचा आदेश रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती पॅट्रिशिया मिलेट यांचं. जिथे माणसंच नव्हती तिथे माणसांचं बहुमत कुठून आलं, हा त्यातला मुख्य मुद्दा.

अमेरिकेतल्या बांधकाम धंद्यातले कामगारवाद कसे सुटतात, आणि वरचं न्यायालय त्यात नेमकं काय तपासतं, हे समजून घ्यायला मला हा खटला सगळ्यात उपयोगी वाटतो. कारण आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात अपिलाचं चित्र चुकीचं असतं. आपल्याला वाटतं, खाली हरलो तर वर जाऊन सगळं पुन्हा सांगायचं, नवे साक्षीदार उभे करायचे, आणि वरचा न्यायाधीश सांगेल कोण खरं. तसं काही होत नाही.

आधी मंडळाबद्दल. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ १९३५ च्या कायद्याने जन्माला आलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनएलआरबी म्हणतात, आणि तिथल्या वकिलांच्या तोंडी ते नुसतं ‘बोर्ड’ असतं. सुरुवातीला तीन सदस्य, १९४७ पासून पाच. सदस्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. त्यामुळे सरकार बदललं की बोर्डाचा कलही बदलतो, आणि काही प्रश्नांवर बोर्डाने वीस वर्षांत तीनदा मत फिरवलेलं दिसतं. ज्याला आपण महाराष्ट्रात ‘अनुचित कामगार प्रथा’ म्हणतो, ती कल्पना या १९३५ च्या कायद्यातली. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याच्या नावातच ती येऊन बसली आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या युनियनमध्ये काम केलेल्या माणसाला पुढचं फारसं परकं वाटणार नाही.

तक्रार प्रादेशिक कार्यालयात जाते. तिथे चौकशी होते. तथ्य दिसलं तर बोर्डाच्या प्रमुख वकिलाच्या वतीने आरोपपत्र निघतं आणि प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी होते. साक्षी, उलटतपासणी, कागदपत्रं, सगळं इथेच. त्या निकालावर हरकती आल्या की पाच सदस्यांचं बोर्ड निर्णय देतं.

आणि त्या निर्णयाला स्वतःचे दात नसतात. ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला चटकन पटत नाही. बोर्डाचा आदेश मोडला म्हणून लगेच शिक्षा होत नाही. बोर्डाला दंडही करता येत नाही. नोकरीवर परत घ्या, बुडालेला पगार द्या, बोलणीला बसा, असं सांगता येतं. समोरच्याने ऐकलं नाही तर बोर्डालाच अपील न्यायालयात अर्ज करावा लागतो की, आमच्या आदेशावर तुमची मोहोर उठवा. मोहोर उठली की मग तो न्यायालयाचा हुकूम होतो, आणि तो मोडणं म्हणजे न्यायालयाचा अवमान. उलट बाजूने, आदेशामुळे ज्याचं नुकसान झालं तोही थेट अपील न्यायालयात जाऊन आदेश रद्द करायला सांगू शकतो. मधल्या जिल्हा न्यायालयाची पायरीच नाही.

आता बांधकामाचं वेगळेपण. कारखान्यात युनियन कशी येते? कामगार कार्डांवर सह्या करतात किंवा गुप्त मतदान होतं, बहुमत सिद्ध होतं, मग मालक बोलणी करतो. आधी कामगार, मग युनियन. कामगारांनी निवडलेलं नसताना मालकाने एखाद्या युनियनला प्रतिनिधी म्हणून मान्यता देणं हेच तिथे बेकायदा आहे. १९६१ मध्ये टेक्सासमधल्या विणमालाच्या एका कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असंही सांगितलं की, दोघांनी प्रामाणिकपणे बहुमत आहे असं समजून सही केली असली तरी चालणार नाही. चूक प्रामाणिक होती म्हणून कामगाराचा हक्क परत मिळत नाही.

बांधकामात हे जमत नाही. कंत्राटदाराला निविदा भरतानाच मजुरीचा दर माहीत असावा लागतो. काम तीन महिन्यांचं, मग साइट बंद, मग दुसरी साइट. आपल्याकडे सकाळी नाक्यावर माणसं उभी राहतात आणि मुकादम हवे तेवढे उचलतो. तिथे बऱ्याच शहरांत तेच काम युनियनच्या कचेरीतून होतं. फिटर, वायरमन, लोखंडकाम करणारे आपलं नाव यादीत लावतात, कंत्राटदार माणसं मागवतो, आणि क्रमाने पाठवली जातात. म्हणजे कंत्राटदाराला करार आधी हवा आणि माणसं नंतर. मतदान घ्यायचं म्हटलं तर ते होईपर्यंत स्लॅब पडून कामगार पांगलेले असतात.

म्हणून १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बांधकामापुरती सूट दिली. कायद्याचं कलम ८(एफ). बांधकामातला मालक कामगार नेमण्याआधी, बहुमताची विचारणा न करता, युनियनशी करार करू शकतो. मला ही सूट शहाणपणाची वाटते. तिच्याशिवाय फिरत्या कामगाराला पेन्शन निधी नाही, आरोग्य विमा नाही, दर साइटला नवा भाव. पण सूट देताना एक दार उघडं ठेवलं होतं: अशा करारामुळे कामगारांचा मतदानाचा हक्क बंद होत नाही. त्यांना नको असेल तर ते अर्ज करून मतदान मागू शकतात.

तर बांधकामात दोन प्रकारचे करार झाले. एक हा ८(एफ) चा, कामगारांना न विचारता केलेला. दुसरा कलम ९(ए) चा, जिथे बहुमत खरोखर दाखवलेलं असतं, कारखान्यासारखा. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दर, सुट्या, निधीतला भरणा सारखाच दिसेल. फरक कळतो तो करार संपल्यावर. ८(एफ) असेल तर मालक नमस्कार करून निघून जाऊ शकतो. ९(ए) असेल तर बहुमत कायम आहे असं गृहीत धरलं जातं आणि मालकाला बोलणीला बसावंच लागतं. फिटरच्या घरी या फरकाचा अर्थ विमा राहिला की गेला इतका थेट असतो.

८(एफ) चा करार मुदतीत असताना मालकाला मोडता येतो का, यावर बोर्डाने बरीच वर्षं ‘येतो’ असं म्हटलं. १९८७ मध्ये पिट्सबर्गच्या जॉन डेक्लेवा अँड सन्स या कंत्राटदाराच्या प्रकरणात बोर्डाने मत बदललं: मुदतीत मोडता येणार नाही, पण मुदत संपली की दोघेही मोकळे. लोखंडकामगारांची युनियन या निर्णयाविरुद्ध अपिलात गेली आणि तिसऱ्या सर्किटच्या (अमेरिकेतली अपील न्यायालयं भागांनुसार वाटलेली आहेत, त्या प्रत्येक भागाला सर्किट म्हणतात) न्यायालयाने १९८८ मध्ये बोर्डाचं म्हणणं उचलून धरलं. आजही बांधकामातला पाया हाच आहे. डेक्लेवाने आणखी एक गोष्ट पक्की केली. बांधकामातला करार ८(एफ) चाच आहे असं आधी धरायचं, आणि ९(ए) आहे असं जो म्हणेल त्याने ते सिद्ध करायचं.

सिद्ध कसं करायचं? सगळी भांडणं या दोन शब्दांतून निघाली.

२००१ च्या स्टॉन्टन फ्युएल प्रकरणात बोर्डाने सोपी वाट काढली. करारातच तीन गोष्टी लिहिलेल्या असल्या की पुरे: युनियनने बहुमताच्या आधारावर मान्यता मागितली, मालकाने ती दिली, आणि बहुमताचा पुरावा युनियनने दाखवला किंवा दाखवायची तयारी दर्शवली. पुरावा स्वतः पाहायची गरज नाही, तो होता असं लिहिलेलं असलं की झालं. इथे बोर्डाने दहाव्या सर्किटच्या न्यायालयाच्या २००० सालच्या निकालांचा आधार घेतला होता, म्हणजे हे अगदी हवेतून आलेलं नव्हतं. शिवाय बोर्डाचा एक जुना नियम असा की, मान्यता देऊन सहा महिने उलटले की ती चुकीची होती असं मालकाला म्हणता येत नाही. बोर्डाची बाजू समजण्यासारखी आहे. वीस वर्षं फायदे घेतलेल्या मालकाला ऐनवेळी ‘अहो, ते वाक्य खोटंच होतं’ म्हणून पळू द्यायचं का?

पण ते वाक्य लिहिणारे कोण, तर मालक आणि युनियन. आणि ज्याच्या पसंतीबद्दल ते लिहिलं गेलं तो कामगार त्या खोलीत नाही.

वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, ज्याला डी. सी. सर्किट म्हणतात, हे २००३ मध्येच नोव्हा प्लंबिंग या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं होतं. तिथेही करारात बहुमताचं वाक्य होतं, आणि नोंदीत मात्र कामगारांचा युनियनला विरोध असल्याची साक्ष होती, जिचं कुणी खंडन केलं नव्हतं. न्यायमूर्ती डेव्हिड टेटेल यांनी लिहिलेल्या निकालाचा सारांश असा की, नुसत्या करारातल्या भाषेवर ९(ए) उभं राहत नाही. विरुद्ध खुणा नोंदीत असताना तर नाहीच. मालक आणि युनियन मिळून कामगाराची निवड कागदावर तयार करू शकत नाहीत. कोलोरॅडोचा २०१८ चा निकाल म्हणजे तीच गोष्ट पुन्हा, यावेळी बऱ्याच कडक स्वरात.

आता मूळ प्रश्नाकडे. अपील न्यायालयाने हे कुठल्या अधिकारात केलं? न्यायालयाने स्वतः साक्षीदार तपासले नाहीत. कोलोरॅडोच्या एकाही फिटरला बोलावलं नाही. तीन न्यायाधीशांसमोर होता तो खालच्या नोंदीचा गठ्ठा, दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं, आणि थोडा वेळ तोंडी युक्तिवाद.

कायद्यात न्यायालयासाठी आखून दिलेली रेघ अशी आहे: वस्तुस्थितीबद्दल बोर्डाने काढलेले निष्कर्ष, एकंदर नोंद पाहता, भरीव पुराव्यावर आधारलेले असतील तर ते अंतिम. ‘भरीव पुरावा’ म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे. एखाद्या समंजस माणसाला त्यावरून तो निष्कर्ष काढावासा वाटेल इतपत पुरावा. न्यायाधीशाला मनातून वेगळं वाटलं तरी चालेल. प्रश्न ‘मी काय ठरवलं असतं’ हा नसून ‘यांनी ठरवलं ते पुराव्यावर उभं आहे का’ हा असतो.

‘एकंदर नोंद पाहता’ हे शब्द १९४७ च्या दुरुस्तीने आले, आणि त्यांचा अर्थ १९५१ मध्ये युनिव्हर्सल कॅमेरा खटल्यात ठरला. हा खटला बांधकामाचा नाही, पण बांधकामाच्या प्रत्येक अपिलात त्याचं नाव येतं. बोर्डाच्या सुनावणीत साक्ष दिलेल्या एका कर्मचाऱ्याला कंपनीने काढून टाकलं होतं. साक्षीदारांना समोर बसवून ऐकणारा तपास अधिकारी म्हणाला, काढण्याचं कारण वेगळं आहे. बोर्डाने त्याचं न ऐकता कंपनीला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्या लेखणीतून, सांगितलं की बोर्डाच्या बाजूचा पुरावा तेवढा वेचून पाहायचा नाही. विरुद्ध पुरावाही वजनात धरायचा, आणि ज्याने साक्षीदारांचे चेहरे पाहिले त्याच्या अहवालालाही किंमत द्यायची.

या कसोटीवर कोलोरॅडोचं प्रकरण ठेवून पाहा. नोंदीत बहुमताच्या बाजूने काय होतं? एक छापील वाक्य. विरुद्ध काय होतं? ते वाक्य लिहिलं तेव्हा कामगारच नव्हते, ही निर्विवाद गोष्ट. कार्ड नाही, मतदान नाही, सह्यांचा अर्ज नाही. इथे बोर्डाचा मान राखण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण मान राखायचा तो पुरावा तोलण्याच्या कामाचा, आणि तोलायला एका पारड्यात काहीच नव्हतं.

डी. सी. सर्किटचा एवढा उल्लेख का, असं वाटलं असेल. त्यामागे एक साधी तरतूद आहे. बोर्डाच्या आदेशाने दुखावलेला पक्ष तीन ठिकाणी जाऊ शकतो: घटना घडली त्या भागाच्या अपील न्यायालयात, स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायालयात, किंवा कुठूनही थेट डी. सी. सर्किटकडे. कोलोरॅडो दहाव्या सर्किटमध्ये येतं, आणि स्टॉन्टन फ्युएलचं बीज तर त्याच न्यायालयातलं. कंपनी तिथे न जाता वॉशिंग्टनला गेली यात आश्चर्य नाही. एकाच आदेशावर दोन बाजूंनी दोन न्यायालयांत अर्ज केले तर चक्क चिठ्ठी टाकून ठरतं. आदेश निघाल्यापासून दहा दिवसांत आलेल्या अर्जांची त्यासाठी गणना होते.

आणि बोर्ड? बोर्डाची जुनी भूमिका अशी की, आमच्यावर देशभर बंधन फक्त सर्वोच्च न्यायालयाचं. एका सर्किटने आदेश रद्द केला तर त्या खटल्यापुरतं ऐकू, पण पुढच्या खटल्यात आमचाच नियम चालवू. म्हणून नोव्हा प्लंबिंगनंतरही पंधरा वर्षं स्टॉन्टन फ्युएल चालू राहिलं. मला हे खटकतं. बोर्डाला सगळ्या देशासाठी एक नियम हवा हे मान्य, पण ज्या न्यायालयाचं दार हरलेल्या प्रत्येकाला उघडं आहे त्याचं मत बाजूला ठेवून दिलेला आदेश टिकणार नाही हे सही करतानाच दिसत असतं. आणि तोवर कामगाराची चार-पाच वर्षं जातात.

२०२० मध्ये बोर्डाने स्वतःच नियम बदलून सांगितलं की बांधकामात बहुमताचा प्रत्यक्ष पुरावा हवा, नुसती करारातली भाषा पुरणार नाही. २०२४ मध्ये वेगळ्या सदस्यांच्या बोर्डाने तो नियम काढून टाकला. हे फिरणं बोर्डाचं, डी. सी. सर्किटचे दोन्ही निकाल जागच्या जागी आहेत.

आतापर्यंतचं वाचून हे न्यायालय नेहमी बरोबर आणि बोर्ड नेहमी चूक, असं वाटू नये. बांधकामाच्या इतिहासात याच न्यायालयाला सर्वोच्च न्यायालयाने निदान तीन मोठ्या प्रसंगी खोडून काढलं आहे, आणि तिन्ही वेळा बोर्डाचं म्हणणं टिकलं.

पहिला प्रसंग डेन्व्हरचा, तोही कोलोरॅडोतलाच. जानेवारी १९४८. एका इमारतीच्या साइटवर मुख्य कंत्राटदाराने विजेचं काम युनियन नसलेल्या पोटकंत्राटदाराला दिलं होतं. बांधकाम युनियनांच्या परिषदेने फाटकावर फलक धरून माणूस उभा केला. युनियनचे बाकी कामगार आत गेले नाहीत. पोटकंत्राटदाराला काम सोडावं लागलं. बोर्ड म्हणालं, भांडण पोटकंत्राटदाराशी आणि दबाव मुख्य कंत्राटदारावर, हा बेकायदा दुय्यम बहिष्कार. डी. सी. सर्किटला ते पटलं नाही. एकाच इमारतीवर काम करणारे सगळे एकच असं युनियनांचं म्हणणं होतं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाची बाजू घेतली: एकाच साइटवर असले तरी दोन कंत्राटदार म्हणजे दोन स्वतंत्र मालक.

स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, आणि न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी विरोधी मतात ते बोलूनही दाखवलं. वायर ओढणारा आणि त्याच भिंतीला गिलावा करणारा वेगळ्या जगातले कसे? १९७५ मध्ये काँग्रेसने हा निकाल फिरवणारं विधेयक मंजूर केलं, पण १९७६ च्या सुरुवातीला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला आणि त्यांच्या कामगारमंत्र्यांनी राजीनामा दिला. डेन्व्हर अजून कायम आहे. म्हणूनच अमेरिकेत मोठ्या साइटला दोन-दोन फाटकं दिसतात, एकावर पाटी की अमुक कंत्राटदाराच्या माणसांनी आणि मालपुरवठादारांनी फक्त इथूनच यावं. निदर्शक त्याच फाटकाशी उभे राहतात. न्यूयॉर्क-शिकागोत राहणाऱ्यांनी रस्त्याकडेला हवा भरलेला भला मोठा उंदीर पाहिला असेल, तो याच भांडणांतला. कोण कुठल्या फाटकाशी उभं राहू शकतं याचा नियम एका वायरमनच्या कंत्राटावरून ठरला.

दुसरा प्रसंग १९७१ चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. टाइल बसवण्याआधी भिंतीवर जो माल लावायचा तो कुणी लावायचा? टाइलवाले म्हणाले आमचं काम, गिलाव्यावाले म्हणाले आमचं. हसण्यासारखं नाही हे. तो एक थर म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी. धंद्यातल्या संयुक्त समितीने काम गिलाव्यावाल्यांना दिलं. ज्या टाइल कंत्राटदारांच्या साइट होत्या त्यांना ते मान्य नव्हतं. बोर्डाने समिती बाजूला ठेवून काम टाइलवाल्यांना दिलं. डी. सी. सर्किट म्हणालं, दोन युनियनांनी समिती मानली होती, मग बोर्डाला मध्ये पडायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालकही या वादातला पक्ष आहे, तोही समितीला बांधलेला असेल तरच बोर्ड बाहेर राहील.

या कामवाटपाच्या निवाड्यांत एक गाठ आहे जी वकिलांनाही अडकवते. काम कुणाचं, हा बोर्डाचा निवाडा अंतिम आदेश मानला जात नाही, त्यामुळे त्यावर थेट अपील नाही. हरलेल्या युनियनने निवाडा झुगारून दबाव चालू ठेवला, मग तिच्यावर अनुचित प्रथेचा खटला झाला, मग बोर्डाने आदेश दिला, तर त्या आदेशावर अपील. म्हणजे निवाडा तपासून घ्यायचा तर आधी तो मोडायची जोखीम घ्यायची.

तिसरा प्रसंग १९७८ चा. केंटकीतल्या हिग्डन या कंत्राटदाराने लोखंडकामगारांशी ८(एफ) करार केलेला असताना दुसरी कंपनी काढून युनियनशिवाय काम सुरू केलं. युनियनने निदर्शनं केली. बोर्ड म्हणालं, त्या साइटवर बहुमत मिळवलेलं नसताना करार पाळायला लावण्यासाठी महिन्याहून जास्त निदर्शनं चालणार नाहीत. डी. सी. सर्किट युनियनच्या बाजूने, सर्वोच्च न्यायालय बोर्डाच्या. या निकालाने युनियनचं नुकसान झालं. पण त्यामागचं तत्त्व तेच, जे चाळीस वर्षांनी कोलोरॅडोत बोर्डाविरुद्ध वापरलं गेलं: बहुमत कामगारांकडून यायला हवं, करारातून नाही.

कामगाराच्या बाजूने बोर्ड टिकल्याचं उदाहरणही आहे. युनियनकडून पगार घेणारे कार्यकर्ते कंत्राटदाराकडे नोकरीचा अर्ज करतात, आत जाऊन इतरांना संघटित करायला. मिनेसोटातल्या टाउन अँड कंट्री या विजेच्या कामाच्या कंत्राटदाराने अशांना घ्यायला नकार दिला. आठव्या सर्किटने म्हटलं, हे कायद्याच्या अर्थाने कामगारच नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बोर्डाचं ऐकलं: दोन ठिकाणचा पगार घेतला तरी माणूस कामगारच राहतो.

टाउन अँड कंट्रीमध्ये प्रश्न कायद्यातल्या शब्दाच्या अर्थाचा होता, पुराव्याचा नव्हता. तिथे पूर्वी न्यायालयं बोर्डाला बराच वाव देत. २०२४ च्या लोपर ब्राइट निकालाने तो वाव आकसला. संदिग्ध कायद्याचा अर्थ सरकारी संस्थेने लावला म्हणून न्यायालयाने मान डोलवायची, ही चाळीस वर्षांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. पुराव्याच्या प्रश्नावर मात्र भरीव पुराव्याची रेघ आहे तिथेच आहे.

शेवटी ज्याच्यावर अशी वेळ येईल त्याच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या वोल्के अँड रोमेरो या लाकडी चौकटी उभारणाऱ्या कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने निदर्शनांच्या एका मुद्द्यावर निकाल दिला होता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग पुसला. कारण कुणीच तो मुद्दा बोर्डासमोर मांडला नव्हता, आणि असामान्य परिस्थिती सोडता बोर्डासमोर न घेतलेली हरकत अपिलात ऐकायचा अधिकारच न्यायालयाला नाही. मुद्दा कितीही बळकट असो. बोर्डाने अचानक नवीन कारण पुढे केलं तर आधी बोर्डाकडेच फेरविचाराचा अर्ज करावा लागतो.

या सगळ्यामुळे आज जी युनियन बांधकामात खरं ९(ए) मागते ती कोलोरॅडोसारखं वाक्य लिहून थांबू शकत नाही. तिने कामगारांकडून कार्डं भरून घ्यायची, प्रत्येकावर तारीख हवी. त्याच तारखेची कंपनीची पगारपत्रकातली यादी मागायची. कार्डांवरच्या सह्या आणि यादीतली नावं ताडून पाहायची, तीही कुणा तिऱ्हाइताकडून झाली तर उत्तम, आणि ते कागद फाइलमध्ये ठेवायचे. यादीत बारा फिटर असतील तर सात कार्डं हवीत. १९९१ च्या त्या यादीत एकही नाव नव्हतं.